इंद्रजित मेश्राम यांची साठ छायाचित्रे

नाव: इंद्रजित मेश्राम. वय: एक्केचाळीस. वास्तव्य: मिल्टन कीन्स, इंग्लंड. पद: भीमजयंती समितीचे अधिकृत छायाचित्रकार व कॅमेराविषयक सल्लागार. नेमणूक: स्वतःच केलेली.

पहिला मिररलेस कॅमेरा घेताना इंद्रजितने तीन महिने अभ्यास केला आणि तो समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही करायला लावला. नवी लेन्स म्हणजे उधळपट्टी, वडिलांची जुनी लेन्स साध्या अडॅप्टरने बसते, हा त्याचा निष्कर्ष. लेन्स बसलीही. फक्त त्या अडॅप्टरवर ऑटोफोकस चालत नाही, रिंग हाताने फिरवावी लागते, एवढं वाचायचं राहिलं.

जयंतीला चौऱ्याऐंशी वर्षांच्या सिंधुबाईंचा सत्कार झाला. दोन दिवसांनी त्या कायमच्या नागपूरला जाणार होत्या. समितीच्या हॉलमध्ये लावायला त्यांचा फोटो हवा होता. इंद्रजितने साठ काढले. साठही धूसर आले.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेला. मान वर होईना. "मावशी, माझी चूक झाली."

"अरे, छान आलेत की! एक सुरकुती दिसत नाही बघ," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

हॉलमधला फोटो त्याच्या बायकोने फोनवर काढलेला आहे.