दोन खांदे, दोन बाण

माझा उजवा खांदा माझ्याआधी निवृत्त झाला. मी अजून दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर; तो मात्र मनाला येईल तेव्हा सांध्याबाहेर! करोल बागेत ऑटोला हात केला, निखळला. मीटिंगमध्ये हात वर केला, निखळला (मुद्दा राहिला तो राहिलाच!). शेवटी सर्जननी सांगितलं, पुन्हापुन्हा निखळून आतलं हाड झिजलंय, आता सांधाच बदलायचा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ज्युनिअर डॉक्टरांनी माझ्या उजव्या खांद्यावर जांभळ्या शाईने बाण काढला आणि बजावलं, "अंकल, इसे मिटाना मत!"

आता पहाटे हॉस्पिटलच्या औषधी साबणाने आंघोळ झाली होती. पण ती त्यांची. माझी अशी आंघोळ व्हायचीच होती! हात वळत नसल्याने सुनंदाला, म्हणजे बायकोला, मदतीला बोलावलं. ती कढई घासावी तशी मला घासते.

"अहो, बाण गेला!"

"गेला? तुला तिथे घासायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच! म्हणे मानेपाशी मळ आहे."

सुनंदाने पर्समधून मार्कर काढला. मंडळाच्या कार्यक्रमात डबे बदलतात म्हणून ती त्याने झाकणांवर नाव घालते. धुतलं तरी जात नाही. तेवढ्यात ऑफिसचा फोन. कोणाला तरी फाइल सापडत नव्हती. ("उजवा ना हो?" तिने विचारलं. मी फोनवर ओरडता ओरडता मान हलवली.) फोन ठेवून पाहतो तो काय, समोर उभ्या सुनंदाने तिच्या उजव्या हाताला जो आला, त्या खांद्यावर ठसठशीत बाण काढलेला!

"अगं, हा डावा!"

"अच्छा! मग माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं ना!"

साबण झाला, तेल झालं. बाण जागचा हलेना. मग उजव्यावरही काढला. आता दोन खांदे, दोन बाण! मी खरोखर घाबरलो.

"चुकून चांगला खांदा कापला, तर जन्मभर तू भरवणार आहेस का मला?"

"आत्ता काय वेगळं करते?"

शेवटी माझ्यातला सरकारी माणूस मदतीला धावला. डाव्या बाणावर तिच्याकडून फुली मारून घेतली, खाली 'रद्द' लिहवलं आणि उजवा हात जपून पुढे आणत मी लघुस्वाक्षरी केली. नियमाप्रमाणे!

न्यायला आलेली नर्स ती फुली बघतच राहिली. "अंकल, इधर काटना है क्या?"

"नहीं सिस्टर! ये कैंसल है, कैंसल!"

"ऑपरेशन कैंसल?" म्हणत ती डॉक्टरांना गाठायला धावली. तिला परत आणेपर्यंत सुनंदाची चप्पल तुटली, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.

थिएटरमध्ये सर्जननी माझे दोन्ही खांदे शांतपणे वाचून काढले. "एक्स-रे तो मैंने देखा है. फिर भी आप अपने मुँह से बताइए, कौन सा कंधा?"

सकाळपासूनचा सगळा संताप एकवटून मी ओरडलो, "ये वाला!" आणि उजवा हात ताडकन वर केला.

खट्!

"बस, कन्फर्म हो गया," सर्जन म्हणाले.

उभ्या नोकरीत मी हात वर केला आणि माझं म्हणणं तिथल्या तिथे मान्य झालं, असं तेवढं एकदाच घडलं.