तीन भिंतींची शेकोटी

"मॅडम, तुम्ही फक्त येवढं सांगा, हे इथं होते का नाई?"

प्रशांतनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत कुठल्याशा रिसॉर्टचं अंगण होतं. तिन्ही बाजूंनी दगडी भिंत, वर उंच चिमणी, आत लाकडं पेटलेली. आउटडोअर फायरप्लेस! आम्ही उभे होतो आंजीजवळ, त्याच्या शेतातल्या नव्या घरापुढं. इथं मे महिन्यात अंगणात अनवाणी पाय ठेवता येत नाही. मी सिव्हिल इंजिनीअर. क्लायंटनं स्विमिंग पूल मागितला तरी हसायचं नसतं, म्हणून हसू दाबलं.

"बाबासाठी पायजे," तो म्हणाला. "आई गेल्यावर त्यायले देवळीहून इथं आणलं. तिथं रोज सकाळी शेकोटीवर बसत होते. इथं बोलतच नाईत. परत जातो म्हणतात, तिथं एकटं राहाले! म्हणलं, शेकोटी इथंच करू, रविवारी गाडी पाठवून त्यायचे दोस्त आणू."

बाबा म्हणजे जिनिंगमधले रिटायर्ड फिटर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. ते शेजारीच उभे होते, माझ्या टेपकडं बघत. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठं बसायला आवडेल?"

"हो हो, बांधा बांधा," ते म्हणाले. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

काम सुरू झालं. पहिली कटकट जमिनीची. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचं उंच बांधकाम हळूहळू कलतं. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खोदायचं. आत साधी वीट चालत नाही, तापून फुटते. भट्टीला आतून लावतात ती, आग सोसणारी वीट लागते. मग वारा. शेजाऱ्याच्या शेतात सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे वाळक्या भुशाची, गंजी उभी होती. एक ठिणगी तिकडं गेली की संपलं. मी जागा घराच्या दुसऱ्या अंगाला सरकवली. प्रशांत कुरकुरला, तिथून सूर्यास्त दिसत नाही म्हणे. म्हटलं, गंजी पेटली की रात्रभर सूर्यास्तच आहे.

पक्कं बांधण्याआधी मी कोरड्या विटा रचून बघते. सिमेंट नाही, नुसती रचाई. चिमणीच्या जागी पत्र्याचा पाइप. रविवारी देवळीहून दोस्तमंडळी आली. तीन बाजूंना भिंत, म्हणून खुर्च्या शेकोटीच्या तोंडापुढं एका ओळीत मांडल्या. लाकडं पेटवली. धूर सरळ वर गेला. अशी फुगले मी, काय सांगू!

ओळीच्या एका टोकाला बाबा, पार दुसऱ्या टोकाला वामनराव बसले होते. वामनराव आगीकडं बघत म्हणाले, "माहा बैल गेला परवा. रातभर तडफडला बिचारा."

बाबा खो-खो हसले. "वा रे वा! मस्त!"

"बाबा!" प्रशांत ओरडला. बाबांनी त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू गेलं. शाल आवळून ते आत निघून गेले. इतकं वाईट वाटलं मला!

मी मागोमाग गेले. समोर बसून हळू विचारलं, "बाबा, ऐकू येत नाही का?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "तोंड दिसलं का समजते, बेटा. जिनिंगमधी सारे असेच बोलत होतो. मशीनच्या आवाजात कोणाले ऐकू येते? तिथल्या शेकोटीवर सारे समोर राहतात. इथं सारे बाजूले." मग म्हणाले, "प्रशांतले सांगू नको. कामातून गेलो म्हणीन तो."

मी बाहेर आले. "हे रद्द."

"काऊन? धूर तर मस्त जाऊन राह्यला!"

"माती खराब आहे. चिमणी कलेल."

"मुरूमापर्यंत खोदतो म्हणल्या होत्या ना तुम्ही?"

"इंजिनीअर तुम्ही की मी?" माझा आवाज चढला की माझ्याशी सहसा कोणी वाद घालत नाही.

चिमणी गेली. त्याच जागी आगीसाठी गुडघ्याएवढा गोल ओटा बांधला, खाली हवेला भोकं, वर ठिणग्यांसाठी लोखंडी जाळी. वारा जातो ती एक बाजू धुरासाठी मोकळी सोडली, बाकी सगळीकडं बसायला कट्टा. फोटोसारखं काहीच उरलं नाही. प्रशांतचं तोंड उतरलं होतं.

पूस महिन्यात, ऐन थंडीत, एका रविवारी मी बघायला गेले. मंडळी गोल बसली होती. वामनराव नव्या बैलाची तारीफ करत होते. बाबांनी मधेच तोडलं, "काय फेकून राह्यला बे! मागच्या रविवारी तूच म्हणत होता, लंगडते!" सगळे हसले, वामनरावसुद्धा.

प्रशांत माझ्याजवळ उभा होता. हळूच म्हणाला, "मॅडम, मातीचं खरं नव्हतं ना?"

त्याला उत्तर नकोच होतं. तो शेकोटीला वळसा घालून पलीकडं गेला, बाबांच्या अगदी समोर बसला, त्यांनी वर बघेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "बाबा, चहा घेता?"

"घेतो ना. साखर कमी सांगजो."

देवळीचं घर आता भाड्यानं दिलंय. आणि मी? बसायची कुठलीही जागा आखायची असली की आधी खुर्च्या मांडून माणसं बसवते. धूर कुठं जातो ते नंतर बघते.