एबो मास्टरची अर्धी डिस्क

एबो क्वान्साचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. शनिवार होता. तोंड न धुता त्याने आधी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि मग चपला शोधल्या.

सेकोंदी शहरातल्या त्या घरात सहा बिऱ्हाडं. मधे अंगण, अंगणात एक नळ, आणि सगळ्यांना मिळून विजेचं एकच मीटर. एबोची खोली फाटकालगतची. अर्ध्या खोलीत बिछाना, उरलेल्या अर्ध्यात भरतकामाचं यंत्र आणि त्याला जोडलेला चौदा वर्षांचा कॉम्प्युटर.

हे यंत्र त्याने ताकोरादीच्या बंदरातल्या मजुरीवर घेतलेलं. सतरा वर्षं लाकडाचे ओंडके साखळीने बांधले. कामावरून कमी केलं तेव्हा हातात आलेल्या रकमेत इतरांनी टॅक्सी घेतली, याने भरतयंत्र. लोक हसले, कारण साखळीने सोललेल्या त्या बोटांत सुईसुद्धा दिसत नसे. दोन वर्षांनी चर्चच्या महिला मंडळांची चिन्हं, शाळांचे बॅज, लग्नाच्या झग्यांचे काठ, सगळं त्याच्याकडे येऊ लागलं. गल्ली त्याला मास्टर म्हणू लागली.

यंत्र फक्त जुन्या विंडोजचं ऐकत असे. प्रोग्रामची मूळ सीडी कधीच हरवली होती. विंडोज गेलं की यंत्र म्हणजे नुसतं टेबल. पण गिऱ्हाईक आता नक्षी फोनवरून पाठवत, आणि ते चित्र उघडायचं म्हटलं की जुनं विंडोज गप्प. तीन कामं त्यात गेली होती. बाजाराजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या डॉर्कसने तोडगा सांगितला.

"जुनं काढू नका, मास्टर. त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवू. चालू करताना विचारेल, आज कोण हवंय. एका घरात दोन बायका."

"भांडल्या तर?"

"एका वेळी एकीलाच जाग असते. तुम्हाला सोपं."

आधी विंडोजला डिस्कच्या अर्ध्या भागात सरकवून अर्धी जागा मोकळी करायची होती. हे काम तासन्‌तास चालतं. "बसून बघायचे पैसे मी घेत नाही आणि फुकट बसत नाही," डॉर्कस म्हणाली. तिने एक पेनड्राइव्ह दिला, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि शनिवारी दहाला येऊन पुढचं करते म्हणाली.

"मधेच वीज गेली तर?" एबोने विचारलं.

"तर निम्म्या नक्ष्या इकडे, निम्म्या तिकडे, आणि तुम्ही मधे. म्हणून आधी सगळं दुसरीकडे कॉपी करायचं. केलंत?"

"केलं."

केलं नव्हतं. त्याच्या पेनड्राइव्हवर जेमतेम एक तृतीयांश नक्ष्या मावल्या होत्या. दुसरी डिस्क शाळेच्या बॅजचे पैसे आले की घ्यायची होती. तीनशेवीस बॅज, बुधवारी द्यायचे. शंभरही झाले नव्हते.

शनिवारची पहाट त्याने विचार करून निवडली होती. घरमालकांचे थोरले बंधू, म्हातारे गार्ब्राह, त्यांची माती त्या दिवशी होती. म्हणजे शुक्रवारी रात्रभर सगळं घर तिकडे जागरणाला. घर रिकामं, मीटर मोकळं. चार वाजता कागदावर बोट ठेवत त्याने काम सुरू केलं. पडद्यावर आडवी रेघ आली. शिल्लक वेळ चाळीस मिनिटं. थोड्या वेळाने तीच रेघ म्हणाली, तीन तास.

पाचला कोणीतरी खोकलं.

एबो दाराशी गेला. अंगणापलीकडे दिवा लागला होता. मग दुसरा. नळ सुरू झाला. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की त्यांच्या चर्चने खर्च फार होतो म्हणून यंदापासून जागरणं बंद केली होती. रविवारी प्रार्थनेनंतर तसं जाहीरही झालं होतं. तो तिथेच बाकावर बसलेला होता.

सगळे आपापल्या घरी झोपले होते. सगळ्यांना साडेसातला काळ्या कपड्यांत निघायचं होतं. आणि त्या घरात एका वेळी एकच इस्त्री चाले. दुसरी लागली की मीटरखालचा खटका पडे आणि सगळ्या घराची वीज जाई. एरवी पाळी ठरलेली असायची. मातीच्या सकाळी पाळी कोण पाळतो?

तो अंगणात धावला. टॅक्सीवाला फीफी हातात इस्त्री घेऊन दारात उभा होता.

"फीफी, लावू नको! खटका पडेल."

"मग पडू दे. वर उचलायला हात आहेत ना मला?"

"माझा कॉम्प्युटर मरेल रे. अकरा वर्षांचं काम आहे त्यात."

"आणि मी चुरगळलेला गेलो तर माझी सासू मला मारेल. ती कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे."

शेजारच्या मान्सा आँटी शेगडीवर मक्याची आंबट पेज ढवळत होत्या. सत्तरीची बाई, म्हाताऱ्या गार्ब्राहांची मावसबहीण. त्यांनी मान वर केली. "मास्टर, माणूस मेलाय. आजच्या दिवशी तुझं यंत्र जरा मागे बसव."

एबोने शेगडीतल्या निखाऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या पलंगाखाली कोळशाची लोखंडी इस्त्री होती, आठ पौंडांची. वीज नसेल तेव्हा तो तीच वापरी.

"कपडे आणा," तो म्हणाला. "सगळ्यांचे. मी करून देतो. पण विजेची एकही इस्त्री लावायची नाही."

"सहा घरांचे?" आँटी म्हणाल्या.

"सहा घरांचे."

त्याने कापायचं टेबल अंगणात ओढलं, इस्त्रीत निखारे भरले, राख फुंकली. काळ्या कपड्यावर राखेचा एक कण पडला तरी दिसतो, म्हणून प्रत्येक कपड्यावर आधी ओलं फडकं. शर्ट, झगे, पुरुषांची खांद्यावर घ्यायची लांबच लांब कापडं. पहिल्या चार कपड्यांतच पाठ बोलू लागली. थांबता येत नव्हतं. थांबला असता तर कोणीतरी भिंतीवरच्या प्लगकडे वळलं असतं. फीफीला त्याने खोलीच्या दारात बसवलं, रेघ बघायला.

"साठ टक्के!" फीफी ओरडे. "एकसष्ट! मास्टर, माझी टॅक्सी याहून लवकर चढ चढते."

"तू नुसता आकडा सांग."

साडेसहाला पंचवीस कपडे झाले होते. सत्त्याण्णवावर रेघ थांबली.

"थांबली, मास्टर."

"किती वेळ?"

"तू ते मोठं कापड घेतलंस तेव्हापासून."

शेवटचं कापड टेबलावर होतं, मान्सा आँटींचं. एबोने कान दिला. खोलीतून कट्‌कट् आवाज येत होता. एक, दोन, मग काहीच नाही. तो आत गेला. पडद्यावर सत्त्याण्णव. डिस्कच्या डब्यावर हात ठेवला, गरम. आवाज नाही. बंद करून पुन्हा सुरू करावं? डॉर्कसच्या कागदावर शेवटची ओळ होती: काहीही झालं तरी हात लावू नका. तो हात मागे बांधून उभा राहिला. कट्. मग पुन्हा कट्. अठ्ठ्याण्णव.

"मास्टर," फीफी हळू म्हणाला, "काहीतरी जळतंय."

जळत होता तो डबा नव्हता. अंगणात इस्त्री कापडावर तशीच टेकलेली राहिली होती. त्याने उचलली तेव्हा काठाजवळ तिच्या आकाराचं भोक पडलं होतं, कडा तपकिरी, अजून धूर निघत होता.

मान्सा आँटींनी कापड हातात घेतलं. भोकातून बोटं आरपार घातली.

"गार्ब्राह असता तर हसला असता," त्या म्हणाल्या. "मला हसू येत नाहीये."

"आँटी, मी…"

"तुझी रेघ बघ जा. त्यासाठीच जळलं ना? मग ती तरी पुरी होऊ दे."

जळका भाग आतल्या घडीत घेऊन त्यांनी कापड कमरेला गुंडाळलं. घडी जाड झाली आणि चालताना त्यांना ती हाताने धरून ठेवावी लागत होती. तशाच त्या फाटकातून गेल्या.

सव्वासातला रेघ पुरी झाली. नऊला एबो चर्चमध्ये मागच्या बाकावर होता. पुढे आँटींची पाठ दिसत होती आणि कमरेवर घट्ट धरलेला हात. भजनाचे शब्द त्याला लागेनात. रेघ पुरी झाली म्हणजे नक्ष्या वाचल्या असं थोडंच होतं?

प्रार्थना संपायच्या आधीच तो उठून घरी आला. दहाला डॉर्कस आली. तास दीड तास खुडबुड केली. मग काळ्या पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. तिने आधी जुनं निवडलं. विंडोजने डिस्क तपासायला घेतली आणि एबो भिंतीला टेकून खाली बसला. मग फोल्डर उघडलं. नक्ष्या ओळीने होत्या. शेवटपर्यंत.

"कॉपी होतीच ना तुमच्याकडे," डॉर्कस म्हणाली. "मग असा घाम का?"

एबोने खरं सांगितलं. तिने आपला पेनड्राइव्ह काढून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर दुसरीकडे दुरुस्त करून घ्या."

रविवार सोडून तो बुधवारपर्यंत रोज सोळा तास यंत्रापाशी होता. तीनशेवीस बॅज मोजून दिले. एकही परत आला नाही. गुरुवारी त्याने मान्सा आँटींना बाजारात नेलं. त्यांनी चार दुकानं पालथी घातली, कापड चिमटीत चोळून पाहिलं, उजेडात धरलं, स्वस्तातलं बाजूला सारलं. त्याने घाई केली नाही. शाळेच्या बॅजच्या मजुरीतून त्यांच्यासाठी सहा वार काळं कापड आलं.