एका मताचे आभार

काओ साहेब तैपेईला संसदेत असले, की गावातल्या मयतांना त्यांच्या वतीने त्यांची कार्यकर्ती लिएनचूच मान तुकवायची. वीस वर्षं. लग्नं, देवळाच्या जेवणावळीही तिनेच सांभाळल्या. कुणाची गटार तुंबो, कुणाला इस्पितळात खाट न मिळो, आधी फोन वाजायचा तो तिचा.

आणि शनिवारी निवडणुकीत काओ साहेब पडले. राष्ट्राध्यक्षांच्या लाटेत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा, गावाने तोंडही न पाहिलेला एक पोरगा खासदार झाला.

"सगळं गाव ज्यांच्या उपकाराखाली, ते पडतातच कसे?" रविवारी सकाळी लिएनचू धुसफुसत होती.

नवरा, चिनश्वे, पेजेच्या वाडग्यात तोंड घालून म्हणाला, "सगळ्यांना वाटलं, काओ तर येणारच."

"सगळ्यांना म्हणजे?"

"अगं, अध्यक्षांना शिक्का मारला. दुसऱ्या मतपत्रिकेवरही तोच पक्ष दिसला. हात तसाच गेला."

"तुझा?"

"एका मतानं काय होतंय?"

तिने वाडगा उचलला.

"खाऊ दे ना!"

"अध्यक्ष वाढतील."

दुपारी उघड्या ट्रकवरून आभाराची फेरी निघाली. जिंकलेल्याने काढायची, तशी हरलेल्यानेही काढायची. काओ साहेबांचा घसा बसलेला, म्हणून माईक लिएनचूच्या हातात. ती घराघराचं नाव घेत होती, साहेब कमरेत वाकत होते.

श्वे मावशी ट्रकला आडवी आली. "लिएनचू, आमच्या जावयाच्या खाटेचं बघतेस ना?"

"मावशी, मत कुणाला दिलंत?"

"अध्यक्षांच्या माणसाला गं. पण आमचं माणूस तूच की!"

लिएनचूच्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं. साहेबांनी कोपराने ढोसलं. "आभारी आहोत, मावशी," ती माईकमध्ये म्हणाली.

मग तिचीच गल्ली आली. दारात चिनश्वे धुतलेला सदरा घालून उभा, खांबाला फटाक्यांची माळ, हातात पेटती काडी. शेजारीपाजारी जमलेले.

साहेबांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "तुझं घर!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इथली दोन मतं तरी माझी."

लिएनचूने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता.

"या घरातल्या एका मताबद्दल," भोंग्यातून गल्लीभर आवाज गेला, "काओ साहेब मनापासून आभारी आहेत."

साहेब सवयीने वाकले आणि वाकलेलेच राहिले. चिनश्वेच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.