गुरुजींच्या शेजारची खुर्ची

आमच्या इस्त्रीगुरुजींच्या पायजम्याची घडी इतकी धारदार, की तिच्यावर वांगं चिरता येईल असं आम्ही पोरं म्हणायचो. गावात तेव्हा लाँड्री नव्हती आणि वीज तिच्या मनात आलं तर यायची. गुरुजी पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरत, तांब्याचा गळा फडक्यानं धरत आणि सकाळी ओट्यावर सतरंजी टाकून सगळ्या गावादेखत पायजमा घासत बसत. पाण्याला निघालेल्या बाया हसायच्या. पुरुषमाणसानं, त्यातही मास्तरानं, उघड्यावर बसून असलं काम करावं याचं त्यांना नवल वाटे. गुरुजी मान वर न करता म्हणत, "हसा, हसा. सुरकुती माझ्या कपड्याची जाऊन राहिली, तुमाला काय तकलीफ?" पुढे घरोघर विजेची इस्त्री आली तरी त्यांचा तांब्या काही सुटला नाही. त्यांचं खरं नाव शाळेच्या फलकावर रंगवलेलं होतं, पण ते गावाच्या तोंडी कधी बसलं नाही.

औंढा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे डी.एड. करून त्याच शाळेत त्यांचा सहकारी झालो. दोन्ही वेळा मी त्यांना सारखाच भ्यालो. ते मारायचे नाहीत, पण "अर्धं नको, पुरं सांग" असं म्हणून समोर बसून राहायचे. एकदा माझ्या हातून खिडकीची काच फुटली. "चेंडू लागला," मी म्हणालो. "चेंडू आपल्या पायानं गेला का? पुरं सांग." मग चेंडू कुणाचा, नेम कशावर होता, आधी पळून कोण गेलं, सगळं सांगावं लागलं. पुरं सांगितलं की शिक्षा नसे. नुसती काच गोळा करून घेत, तीही स्वतः सोबत वाकून.

शाळा सुटली की त्यांची दुसरी शाळा ओट्यावर भरे. बांधावरून भांडणारे भाऊ, सासरहून रुसून आलेली लेक, दारू सोडतो म्हणून शपथ घ्यायला आलेला माणूस, सगळे तिथं येत. गुरुजी आधी पाणी देत, मग ऐकत. सल्ला अगदी शेवटी आणि तोही चमचाभर. गावाचं पोटातलं त्या ओट्यावर उतरत होतं आणि ते तिथून कधी बाहेर गेलं नाही. गुरुजींचा खरा जीव पगारात नव्हता, या ओट्यात होता. सुट्टीत कुणी आलं नाही तर ते बेचैन होत आणि रस्त्याकडे बघत बसत.

गुरुजींनी लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण गावानं परस्पर ठरवून टाकलेलं होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली. तिला सांभाळायचं म्हणून भावानं संसार केला नाही. दर रविवारी गुरुजी एस.टी.नं सिद्धेश्वरला जात. तिथं धरणावर पाटबंधारे खात्यात त्यांचे जुने मित्र नाना होते. आमच्या शिवारात कालव्याचं पाणी कधी सुटणार हे नानांच्या हाती, त्यामुळे ते गावात आले की लोक उठून उभे राहत. उंच, अबोल माणूस. दिवाळीला ते आमच्या गावी येत आणि आक्का त्यांच्यासाठी मुद्दाम पातळ भाकरी थापत असे. नानांचंही लग्न झालेलं नव्हतं, पण ते परगावचे असल्यानं त्याचं कारण शोधण्याची जबाबदारी आमच्या गावानं घेतली नव्हती.

गुरुजी निवृत्त झाले. आमच्याकडे सेवापूर्तीचा कार्यक्रम लग्नाच्या तोडीचा असतो. मांडव, लाउडस्पीकर, पंगत, आणि स्टेजवर मधोमध सजवलेल्या दोन खुर्च्या. एक मास्तरांची, दुसरी त्यांच्या बायकोची. सत्कार जोडीचाच करायचा; मास्तरांना फेटा आणि शाल, बाईंना साडी आणि खण. आहेर आणायचं काम दरवेळी माझ्याकडे असे. मी सवयीनं हिंगोलीला गेलो, ओळखीच्या दुकानात "सेवापूर्तीचा आहेर बांधा" म्हणालो आणि बांधलेला गठ्ठा घेऊन परत आलो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेत गठ्ठा सोडला, तर आतून मोराच्या काठाची जांभळी साडी निघाली. हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "दत्ता, ही कोणाला नेसवायची?" तिकडे मांडववाल्यानंही दोन खुर्च्या झालरी लावून मांडून ठेवल्या होत्या.

साडी काखेत मारून मी माफी मागायला गुरुजींच्या घरी गेलो. आक्का शेजारी गेली होती. गुरुजी ओट्यावर उद्याचा पायजमा घासत होते. सगळं ऐकून ते पोट धरून हसले.

"साडी आक्काला देऊन टाक. जांभळा तिला आवडतो. पण दुसरी खुर्ची काढू नको. तिथं नाना बसतील."

"बसू द्या की. तुमचे एवढे जुने मित्र हायेत."

"मित्र हायेतच. पण मी उद्या तेवढंच सांगून थांबणार न्हाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मला बाईमाणसाबद्दल तसं कधी वाटलंच न्हाई, दत्ता. मी समलिंगी आहे. नाना बी. आमी अठ्ठावीस वर्षं एकमेकांचे हावोत."

मला धक्का बसला असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला राग आला. चांगलं चाललेलं असताना या माणसाला हे काय सुचून राहिलं, असं वाटलं. मी म्हणालो, "गुरुजी, लोक लेकीबाळींची दुखणी घेऊन तुमच्याकडं येतात ते काहून? तुमचा मान हाय म्हणून. उद्या बोललात तर या ओट्यावर कुत्रं फिरकणार न्हाई."

"ठावं हाय मला."

"मग काहून बोलता?"

"लोक माझ्यापुढं पोटातलं सगळं काढून ठेवतात आन् मी त्यांच्यापुढं झाकून बसतो. बराबर हाय का हे? आता आले तर मला वळखून येतील. न्हाई आले तर न्हाई." आवाज अगदी स्थिर होता. पण झालेली घडी मोडून ते तोच पायजमा पुन्हा घासायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. प्रमुख पाहुण्यांनी अर्धा तास गुरुजींच्या त्यागाचं आणि ब्रह्मचर्याचं कौतुक केलं. गुरुजी उत्तराला उठले, फेटा सारखा केला आणि वर्गात धडा सांगावा तशा आवाजात म्हणाले, "साहेबांनी माझ्या नावावर फार मोठा त्याग लावला. तो तेवढा पुसून टाका. मी बहिणीसाठी लग्न सोडलेलं नाही. मला पहिल्यापासून पुरुषच आवडतात. शहरात समलिंगी म्हणतात. शब्द पुस्तकी आहे, पण बराबर आहे. हे नाना माझे सोबती. माझा संसार म्हणाल तर तो यांच्याशीच झाला. नाना, या, बसा." पुराच्या पाण्यात धरणाच्या दारांवर उभा राहणारा माणूस, पण स्टेजच्या तीन पायऱ्या नाना मांडवाच्या खांबाला धरून चढले. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. मला त्या क्षणी गुरुजींचा विलक्षण अभिमान वाटला. तसं मी कुणालाच बोलून दाखवलं नाही, ही माझी लायकी.

कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी शिवीही दिली नाही. हेडमास्तर आभार मानायचे विसरून थेट पंगतीची सूचना देऊन मोकळे झाले. निम्मी माणसं न जेवता उठून गेली. पुढे चार दिवस आमच्या शाळेतली पोरं खिचडीबरोबर बुंदी खात होती.

गुरुजी आणि नाना घरी गेले, तर मांडवातून आधीच उठून आलेली आक्का वाट बघत होती. "बापू, माइकवर सांगायच्या आधी मला सांगता आलं न्हाई तुला? गावातल्या शेंबड्या पोरासंगं मला कळावं?"

"भ्यालो, आक्का."

"मला भ्यालास आन् गावाला भ्याला न्हाईस!" ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. नाना दारातच थबकले. मग आक्का म्हणाली, "माझ्यापायी तुझं लगीन ऱ्हायलं म्हणून मी जिंदगीभर देवापुढं नाक घासून राहिले. चाळीस वर्षं, बापू. ते तरी खोटं निघालं." गुरुजींनी तिचे पाय धरले. ओट्यावर गावाला पुरं सांगायला लावणाऱ्या माणसाच्या अर्ध्या गोष्टीचं ओझं घरातच कुणीतरी वाहत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आक्कानं डोळे पुसले आणि नानांना म्हणाली, "तुमी काहून दारात उभे? हातपाय धुवा." नानांची नोकरी आधीच संपली होती; ते त्या दिवसापासून तिथंच राहिले.

ओटा मात्र खरोखरच रिकामा पडला. बांधाचं भांडण घेऊन लोक थेट पोलीस ठाण्यात जाऊ लागले. शाळेत गुरुजींवर विनोद व्हायचे, आणि त्यांतल्या एकदोन विनोदांना मीही हसलो. ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी त्यांच्याकडे जायचो, पण तिन्हीसांजेला, मागच्या गल्लीनं. गुरुजी विचारायचे, "पुढचा रस्ता उखडला का रे?" आणि चहा मागवायचे. दिवाळीनंतरचा कार्यक्रम तो. हिवाळा सरला तरी रोज दुपारी ते ओटा झाडून सतरंजी टाकत आणि रस्त्याकडे बघत बसत. नाना बाजूला पेपर वाचत. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, कशाला रोज टाकता?" ते म्हणाले, "सतरंजी माझी, ओटा माझा. यायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं."

हळद शिजवायचे दिवस होते. दुपारी शाळेच्या फाटकात एक अनोळखी शेतकरी उभा राहिला. पुसेगावहून आला होता; नखं हळदीनं पिवळीधमक. "ते... सभेत बोललेले गुरुजी कुठं ऱ्हातात?" त्यानं इकडंतिकडं बघत हळूच विचारलं. बातमी एवढी लांब पोचली होती. मी त्याला घेऊन निघालो, आणि त्या दिवशी पुढच्या रस्त्यानं, भर गावातून निघालो.

नानांनी पाणी दिलं. गुरुजींनी सतरंजीवर जागा करून दिली. पाणी पिऊन झाल्यावर तो माणूस बोलला. "पोरगं पुण्याला नोकरीला हाय. गावी आलं होतं. जेवता जेवता म्हणालं, बाबा, मला लगीन करायचं न्हाई, मी असा असा हाय. मी म्हणालो, ऊठ ताटावरनं. उठलं आन् बॅग घेऊन गेलं. पंधरा दिवस झाले."

"ताटात काय होतं?"

तो गोंधळला. "वरणफळं. त्याला आवडतात म्हणून हिनं केली होती."

"किती खाल्ली होती त्यानं?"

"दोन घास." त्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "गुरुजी, आता म्या काय करू?"

"फोन लावा. जेवला का, तेवढंच विचारा. बाकीचं मागून."

"उचलंल का तो?"

"न्हाई उचलला तर परत लावा. मी हाय इथं बसलेला."

तिसऱ्यांदा फोन लागला. तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी बोलून राहिलो रं... काही न्हाई... जेवलास का?" पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो पिवळ्या नखानं भिंतीचा पोपडा खरवडत होता. मग तो म्हणाला, "न्हाई बाळा, मी बी न्हाई जेवलो आजून."

गुरुजींनी आत आवाज दिला, "आक्का, पाव्हण्याला ताट वाढ."