अमंगळ कोळंबी

दर बुधवारी चार डोकी बायबलातला जुना करार वाचायला बसली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचा शास्त्राभ्यास कोपरला साळवेकाकांच्या हॉलमध्ये भरतो. वाचतात पाळकसाहेब, वाद घालतात काका, आणि मध्येमध्ये तोंड घालते मी. काकांच्या पत्नी सुशीलाताई चहा देऊन दारापाशी बसतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा प्रसाद त्याच दारातून घर सोडून गेला. "मी आणि नीलेश एकत्र राहणार," एवढंच म्हणाला होता. काकांनी त्याला शास्त्रातलं वचन वाचून दाखवलं आणि दार उघडलं. आता पोरगा राहतो कुठे, तर शहाडला! चार स्टेशनं फक्त!

*

एकदा दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नये, हा नियम आला. काका कडाडले, "नियम म्हणजे नियम!"

मी म्हटलं, "काका, तुमची पँट टेरिकॉटची ना?"

काकांनी खाली बघितलं. "ही... ही चर्चची पँट आहे!"

सगळे हसलो. ताईसुद्धा हसल्या. प्रसाद गेल्यापासून पहिल्यांदाच.

*

कुठलाही नियम वाचला की पाळकसाहेब विचारणार, "हा कोणाला सांगितला? कधी?" मग समजावतात: छोटीशी जमात, चहूकडे परकी राज्यं, पोरंबाळं झाली तरच टिकणार. शेजाऱ्यांपेक्षा वेगळं राहायचं, म्हणून ताटापासून अंथरुणापर्यंत सगळ्याला नियम.

काका म्हणाले, "बघा, म्हणजे वंश महत्त्वाचा!"

ताई दारातूनच म्हणाल्या, "अहो, होता तो वंश तुम्हीच बाहेर काढलात!"

त्या दिवशी चहा तसाच राहिला.

*

ताईंच्या ट्रेमध्ये दर वेळी एक कप जास्त असतो. एकदा मी चिडवलं, "काय हो ताई, मोजायला चुकता?"

"चुकत नाही गं. बेल वाजली तर?"

माझी मेलीची जीभच लांब. नको तिथे विचारून बसले.

*

काकांचा जीव कोळंबीत. आणि नेमकी खाण्याची यादी आली! पाण्यातलं ज्याला खवले नाहीत, ते वर्ज्य. यादीच्या वरच शब्द होता, 'अमंगळ'.

एरवी दारापाशी बसून राहणाऱ्या ताई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, आमच्या प्रसादला ह्यांनी लावला, तो हाच शब्द का?"

"हो ताई. हाच."

"बरं," म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

रविवारी काकांच्या ताटात भेंडी! काकांनीच तक्रार केली आमच्याकडे. म्हणे, "कोळंबी कुठाय विचारलं, तर म्हणते, अमंगळ आहे, नियम म्हणजे नियम! प्रसाद जेवायला येईल तेव्हाच शिजेल म्हणते!"

चार महिने भेंडी, दुधी, गवार. काका वाळले. पण खरं सांगू, ते कोळंबीवाचून वाळले नव्हते. ताई आत गेल्या की ते हळूच त्या जास्तीच्या कपाकडे बघत बसायचे.

*

गेल्या बुधवारी प्रार्थनेआधी काकांनी मोबाइल काढला. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर लावला. ताई ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"प्रसाद, मी बोलतोय."

आम्ही प्रार्थना असल्यासारख्या माना खाली घातल्या.

"तो तुझा... नीलेश. कोळंबी खातो का रे?"

पलीकडून आवाज आला, "खातो, बाबा. सोलतोही तोच. मला जमत नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग रविवारी दोघं जरा लवकर या. तुझ्या आईला एकटीला किलोभर सोलवत नाही."