बगळा परत येईपर्यंत

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, नदीकाठच्या एका दगडावर ती बाई रोज सकाळी चित्र काढत बसायची. पांढरे केस, दातांत आडवा धरलेला ब्रश. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी फोनवर थोरल्या भावावर ओरडत होतो. मी घाम गाळून उभं केलेलं हार्डवेअरचं दुकान तो नातेवाइकांत स्वतःचं म्हणून सांगत फिरत होता. "माझ्या मुलीच्या लग्नाला..." एवढं बोललो. 'येऊ नकोस' म्हणणार, तोच ती बाई म्हणाली, "अहो, बगळा उडवलात माझा. आता तो येईपर्यंत गप्प बसा."

फोन कापून मी तिच्यावर घसरलो. "फोटो काढून ठेवायचा ना."

"फोटोतला बगळा आत्ता इथे नसतो. बसा."

कोणाचं न ऐकणारा मी बसलो. ती नुसती पाण्याकडे बघत राहिली, मग मीही. बगळा आला. एका फटकाऱ्यात तिने त्याची मान कागदावर उतरवली. दुकानदार असूनही चित्राची किंमत विचारायचं मला सुचलं नाही.

फोन वाजला. "लग्नाला काय? बोल ना पुढे," भाऊ म्हणाला.

"दोन दिवस आधीच ये, दादा," मी हळूच म्हणालो. बगळा अजून समोरच होता.